दहा हजारांचं जहाज आणि रोजचे चव्वेचाळीस

११ जून २०२३, रविवार. पोह्यांच्या बशा अजून उचलल्याही नव्हत्या आणि आमच्या खेळातल्या टोळीने ठरवून टाकलं, की आता जहाज घ्यायचं. ड्रॅगनच्या गुहेतून आणलेलं सोनं मोजून झालं होतं: १४,३५० मोहरा. नियमपुस्तकात शिडाच्या जहाजाची किंमत १०,००० मोहरा. वजाबाकी सगळ्यांनाच येत होती. उरलेल्या ४,३५० मध्ये जहाज आपल्याला हवं तसं करून घेऊ, असं मीच सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणाले होते.

आज हे लिहितेय तेव्हा तिजोरीत ६४ मोहरा आहेत. मध्ये काय काय झालं ते क्रमाने सांगते. तुमची टोळीही त्याच वजाबाकीपाशी येऊन थांबली असेल तर उपयोग होईल.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ. एक जण डीएम, म्हणजे सगळी दुनिया चालवणारा. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि नशीब फासे ठरवतात. आम्ही २०१४ ची पाचवी आवृत्ती खेळतो, कोथरूडमध्ये, एक रविवार आड, सकाळी दहा ते दोन. मी, दादा, वहिनी आणि कॉलेजचे दोन मित्र असे पाच खेळाडू. आमचा डीएम दिवसा एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काम करतो. हे लक्षात असू द्या.

पहिलं भांडण २५ जूनला, जहाज घेण्याच्याही आधी झालं. डीएमच्या मार्गदर्शक पुस्तकात शिडाच्या जहाजाला २० खलाशी लागतात आणि ते तासाला २ मैल जातं. पण २०१९ मध्ये ‘घोस्ट्स ऑफ सॉल्टमार्श’ नावाचं पुस्तक आलं. त्याच्या शेवटी जहाजांवर एक मोठं परिशिष्ट आहे, आणि त्यात तेच जहाज तासाला ५ मैल, दिवसाला १२० मैल जातं. मात्र खलाशांची जागा तिथे ३० आहे. वेग या पुस्तकाचा आणि माणसं त्या पुस्तकातली, अशी मागणी दादाने अगदी सरळ चेहऱ्याने मांडली. डीएम म्हणाला, “दोन योजनांचा लाभ एकाच खात्यावर मिळत नाही.” शेवटी सॉल्टमार्श ठरलं. माझा सल्ला विचाराल तर हे आधी ठरवा, आणि वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. (नुसत्या किमती आणि वेग हवे असतील तर ते मोफत मिळणाऱ्या मूळ नियमावलीतही आहेत, पुस्तक विकत घ्यायची गरज नाही.)

सॉल्टमार्शमध्ये जहाज म्हणजे एकच एक वस्तू नसते. त्याचे भाग असतात आणि प्रत्येक भागाचा जीव वेगळा. सांगाडा ३०० गुणांचा, सुकाणू ५०, शिडं १००. सांगाड्याला शिवाय १५ चा उंबरठा: एका घावात १५ पेक्षा कमी नुकसान झालं तर ते धरतच नाहीत. त्यामुळे साध्या बाणांनी जहाजाला ओरखडाही जात नाही. हे वाचून आम्ही खूश झालो. शिडांना असा उंबरठा नाही, हे त्याच पानावर होतं. ते आम्ही वाचलं, पण मनावर घेतलं नाही.

९ जुलैला बंदरावर अर्ज. इथे आमच्या डीएमने आपलं शिक्षण आणि नोकरी दोन्ही सार्थकी लावलं. बंदराच्या कचेरीत बसलेला कारकून बुटका होता, म्हणजे खेळातला ड्वॉर्फ, पण बोलत होता हुबेहूब लोनवाल्यांसारखा. नावनोंदणीचा अर्ज तीन प्रतींत. मोजणी फी ५० मोहरा. नोंदणी फी किमतीच्या २ टक्के, म्हणजे २००. दोन जामीनदार, दोघेही त्याच शहरातले रहिवासी. आणि समुद्रात जायचं तर दस्तक.

दस्तक हा शब्द डीएमने हवेतून काढलेला नाही. पोर्तुगीज आपल्या समुद्रात येणाऱ्या जहाजांना ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घ्यायला लावत, आणि पुढे कोकण किनाऱ्यावर आंग्र्यांचं दस्तक घेतल्याशिवाय व्यापाऱ्याला सुखाने जाता येत नसे. परवाना नाही तर जहाज जप्त. म्हणजे आमच्या खेळातला सगळ्यांत कंटाळवाणा भाग हाच सगळ्यांत ऐतिहासिक होता. डीएमने खरोखर ए-फोर कागदावर अर्ज छापून आणले होते, कोपऱ्यात तिकिटाचा चौकोन आखून. वहिनीने ते भरले. जहाजाचं नाव ‘तिन्हीसांज’. “मालकाचा व्यवसाय” या रकान्यात काय लिहायचं यावर वीस मिनिटं गेली. “गुहांमधून सामान आणणे” असं लिहिलं, आणि २३ जुलैच्या सत्रात अर्ज त्याच कारणाने परत आला. “सर्वसाधारण व्यापार” असं लिहून पुन्हा दिला.

जामीनदार मिळवायला आणखी एक सत्र लागलं असतं, पण ६ ऑगस्टचं सत्रच झालं नाही. अधिक श्रावण चालू होता आणि आमच्यातला एक जण नुकताच बोहल्यावर चढलेला. सासुरवाडीने धोंड्याच्या जेवणाला सांगलीला बोलावलं, तिथे नाही म्हणायची सोय नव्हती. तो तिकडे चांदीची वाटी घेत होता आणि आम्ही इकडे बंदरात ताटकळत होतो. २० ऑगस्टला एक मासेविक्रेतीण आणि एक निवृत्त जादूगार असे दोन जामीनदार उभे करून काम झालं. १०,२५० मोहरा गेल्या. शिल्लक ४,१००.

पावसाळ्यात बंदर बंद, असाही नियम डीएमने घातला होता. नारळी पौर्णिमा होईपर्यंत होडी पाण्यात जात नाही, हे कोकणात वाढलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. तोही तिकडचाच, देवगडकडचा. त्याने फोनवर गिर्येच्या गोदीचे फोटो दाखवले. विजयदुर्गाजवळची मराठा आरमाराची ही गोदी. आता तिथे गवत आणि भरतीचं पाणी. “तुमचं जहाज अशा जागी उभं आहे,” एवढंच म्हणाला. तोपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे चित्रातली पाश्चात्त्य गलबतं होती. त्या दिवसापासून ती गेली.

३ सप्टेंबरला खलाशांची भरती, आणि खर्चाची खरी ओळख. कुशल माणसाची मजुरी नियमाप्रमाणे दिवसाला २ मोहरा. तीस माणसं घेतली तर रोजचे ६०. मग मित्राने पुस्तकातला बारीक अक्षरातला भाग काढला: जहाजाला लढाईच्या दर फेरीला तीन कृती करता येतात, म्हणजे पुढे जाणं, एक अस्त्र चालवणं, दुसरं चालवणं. वीसपेक्षा कमी खलाशी असतील तर दोनच. दहापेक्षा कमी असतील तर एक. तीनपेक्षा कमी असतील तर काहीच नाही. “म्हणजे वीस पुरे,” तो म्हणाला. वहिनी म्हणाली, “आणि एकाला हगवण लागली तर?” बावीस ठरले. रोजचे ४४, जेवण धरून. आम्हाला वाटलं फार दूरदृष्टी दाखवली.

अधिकाऱ्यांच्या सहा जागा असतात: कप्तान, त्याचा सहायक, बोसन, क्वार्टरमास्टर, सर्जन आणि कुक. आमच्या तोंडी ती नावं बसेनात. नाखवा, तांडेल, सरंग, सुकाण्या, वैद्य, भंडारी अशी बसली. भंडारी हे आचाऱ्याचं नाव कुणी गमतीने ठेवलेलं नाही. जुन्या जहाजांवर खलाशी त्याला हेच म्हणत. नाखवा दादा झाला (वाद नको म्हणून), हिशोबाची वही असल्याने तांडेल वहिनी, सरंग मी, मित्र सुकाण्या आणि सांगलीचा जावई भंडारी. पाच माणसं, सहा जागा. वैद्याची खुर्ची रिकामी राहिली.

१७ सप्टेंबर गणपतीच्या खरेदीत गेला. १ ऑक्टोबरला अखेर मूळ हौसेचा विषय आला: जहाज आपल्यासारखं करायचं.

पुस्तकातल्या जहाजाची मापं १०० फूट बाय २० फूट. टेबलावर एक इंच म्हणजे पाच फूट, म्हणजे वीस इंच लांब आणि चार इंच रुंद. चार चौकोन! एक डोलकाठी, एक नाखवा आणि दोन खलाशी उभे राहिले की रस्ता बंद. लढाई म्हणजे लोकलच्या दारातली रेटारेटी झाली असती. तेव्हा गुराब, म्हणजे मराठा आरमारातली लढाऊ नौका, आठवली. रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातल्या इंग्रज इतिहासकाराने आंग्र्यांच्या गुराबांचं वर्णन करून ठेवलंय: लांबीच्या मानाने खूप रुंद, पाण्यात फार खोल न जाणाऱ्या, पुढे निमुळत्या होत जाणाऱ्या. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची तीनशेपर्यंत. दोन तोफा थेट नाळेवरून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरून, समोर रोखलेल्या. तिच्याबरोबर असायची गलबतं, चाळीस-पन्नास वल्ह्यांची, ताशी चार मैल जाणारी. वारा पडला की तीच गुराबेला ओढत न्यायची. गंमत म्हणजे नियमपुस्तकातली वल्ह्यांची गॅलीही ताशी ४ मैलच जाते. हा आकडा वाचून डीएम इतका खूश झाला की पुढच्या वाटाघाटी सोप्या गेल्या.

वाटाघाटी म्हणते, कारण असे बदल पुस्तकात तयार मिळत नाहीत. आम्ही एक पद्धत धरली, ती कामाची वाटली: काही मागायचं तर त्याच दमात काय सोडणार तेही सांगायचं. आम्हाला ९० बाय ३० फुटांचा रुंद, उथळ सांगाडा हवा होता. त्यासाठी लढाईतला वेग फेरीला ४५ फुटांवरून ४० केला. नाळेवर दोन बॅलिस्टा हव्या होत्या, म्हणजे भाल्याएवढे बाण फेकणारी यंत्रं. त्यासाठी दगड फेकणारं मँगोनेल सोडलं. त्याचं फारसं दुःख नव्हतं, कारण साठ फुटांच्या आतल्या लक्ष्यावर ते चालतच नाही. दोन्ही बॅलिस्टा फक्त समोर मारा करणार, बाजूला नाही, हेही कबूल केलं. तोफ मागितली, ती मिळाली नाही; या दुनियेत दारूगोळाच नाही. सुतारकामाचे १,१०० मोहरा. वल्ह्यांचं गलबत परवडत नव्हतं म्हणून ५० ची एक अशा दोन साध्या होड्या घेतल्या. शिल्लक २,९००.

आणि मग मी स्वतःहून एक नसती जबाबदारी घेतली: टेबलासाठी जहाज बनवायचं.

पाच मिलिमीटरचा सनबोर्ड, आइस्क्रीमच्या काड्यांचं एक पाकीट, फेविकॉल, बांबूच्या काड्या, पाव मीटर मांजरपाट. एकूण ४३० रुपये, त्यात दुसऱ्यांदा आणलेला सनबोर्ड धरलाय. पहिला वाया गेला, कारण मी आधी काड्या चिकटवल्या आणि मग चौकोन आखायला गेले. काडी साधारण एक सेंटिमीटर रुंद, चौकोन एक इंचाचा. फळ्यांच्या फटी आणि चौकोनांच्या रेघा कुठेच जुळेनात, सगळं डेक विणकाम बिघडल्यासारखं दिसायला लागलं. खालच्या मजल्यावरच्या आर्किटेक्चरच्या मुलीने उपाय सांगितला. काड्या आडव्या लावायच्या, रंगवायच्या, आणि चौकोन रेघांनी न दाखवता फक्त कोपऱ्यांवर सुईने टोचून ठिपके द्यायचे. ठिपके जवळून दिसतात, लांबून फक्त लाकूड दिसतं. मांजरपाट चहाच्या पाण्यात रात्रभर ठेवलं की शिडाचा रंग येतो. आमच्याकडे आलं घातलेला चहा होता, त्यामुळे तिन्हीसांजच्या शिडांना अजून आल्याचा वास येतो. डोलकाठ्या चिकटवू नका. त्या काढता आल्या पाहिजेत, नाहीतर मधल्या चौकोनातलं पात्र हलवताना मनगट अडकतं आणि सगळं कोसळतं.

या कामात सहा रात्री गेल्या. १५ ऑक्टोबरच्या सत्रात अर्धवट डेकवर नुसती सुतारांशी बोलणी झाली. २९ ऑक्टोबरला, कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, उरलेलं मसाला दूध पीत आम्ही जहाज पाण्यात सोडलं. वहिनीने खरा नारळ आणला होता. फोडला ओट्यावर, टेबलावर नाही.

१२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं, त्यामुळे सुट्टी. २६ नोव्हेंबरची पहिली सफर लिहिण्यासारखी नाही. मीठ नेलं, मीठ विकलं, नफा जवळजवळ शून्य. पण दर दिवसाच्या शेवटी डीएम शांतपणे “चव्वेचाळीस” म्हणायचा आणि वहिनी वहीत लिहायची. खेळातले चाळीस दिवस होईपर्यंत १,७६० गेले. शिल्लक १,१४०.

१० डिसेंबरला लढाई. चाच्यांचं लांबोडं वल्ह्यांचं जहाज मागून आलं आणि त्यांनी सांगाड्याकडे पाहिलंही नाही. पेटते बाण सरळ शिडांवर. तीन फेऱ्यांत शिडांचे ५२ गुण गेले. दर २५ ला वेग १० फुटांनी उतरतो; चाळीसचे वीस झाले. माझ्या पात्राला ‘मेंडिंग’ ही तुटकं जोडायची जादू येते, म्हणून मी मोठ्या रुबाबात पुढे झाले. ती जादू करायला एक मिनिट लागतं आणि एका वेळी एक फुटापर्यंतचीच फाट सांधते. एक मिनिट म्हणजे दहा फेऱ्या. सरंगाने मुकाट्याने पाण्याची बादली घेतली.

आमचा पहिला मोठा बाण त्यांना लागला तेव्हा सगळे उठून उभे राहिले. बॅलिस्टाला दहा बाजूंचे तीन फासे. तीन, चार आणि पाच. बारा. त्यांचाही उंबरठा पंधरा. डीएमने नुसती मान हलवली आणि आम्ही परत खाली बसलो. घरी येऊन हिशोब केला: तीन फाशांवर पंधराच्या खाली पडण्याची शक्यता शंभरात पस्तीस. म्हणजे नेम बरोबर लागूनही तीनातला एक बाण फुकट. हे आधी माहीत असतं तर मँगोनेल देताना दोनदा विचार केला असता. त्याचे पाच फासे असतात.

दादाने खाडीत शिरायचा हुकूम दिला. आपण उथळ, ते अडकतील. ते अडकले नाहीत. असली लांबोडी जहाजं आमच्याहूनही कमी पाण्यात चालतात, आणि सुकाण्याला ते तेव्हा आठवलं जेव्हा ते आमच्यामागोमाग वळणावर दिसले. तोवर आमचे तीन खलाशी गेले होते. बावीसचे एकोणीस, तीन कृतींच्या दोन. बावीसही का कमी होते ते त्या क्षणी कळलं. वीसवर दोनच माणसं जास्तीची ठेवणं म्हणजे पहिल्या चकमकीपुरतीच सोय.

वाचवलं त्या दोन होड्यांनी. नांगर टाकला, होड्यांनी नाळ ओढून जहाज जागच्या जागी फिरवलं, आणि खाडी इतकी अरुंद की चाच्यांना यायचं तर नेमकं आमच्या समोरूनच यावं लागत होतं. तिथे दोन्ही बॅलिस्टा कामाला आल्या. पाचव्या बाणानंतर ते मागे फिरले. त्यांनी मागे टाकलेल्या मालाचे ४६० मिळाले. शिल्लक १,६००. सांगाड्याचे ६४ गुण गेलेले.

२४ डिसेंबरला दुरुस्ती. धक्क्याला लावून एक गुण भरायला एक दिवस आणि २० मोहरा, हा मार्गदर्शक पुस्तकातला नियम. चौसष्ट गुण म्हणजे १,२८० मोहरा. ते होते. पण चौसष्ट गुण म्हणजे चौसष्ट दिवसही. एकोणीस खलाशांचे चौसष्ट दिवसांचे पगार वहिनीने मोठ्याने वाचले: २,४३२. दुरुस्तीपेक्षा दुरुस्ती होईपर्यंत माणसं सांभाळणं महाग. तसंच जाऊ, दादा म्हणाला, २३६ गुण आहेत की. तेव्हा तो बुटका कारकून परत आला. सांगाडा शंभर टक्के असल्याचा दाखला जोडल्याशिवाय दस्तक चालू राहणार नाही, रिक्षाच्या फिटनेससारखं.

सतरा जणांना निरोप दिला. हे मला वाटलं होतं त्यापेक्षा जड गेलं. डीएमने प्रत्येकाला नाव दिलं होतं आणि प्रत्येक जण निघताना सरंगाला, म्हणजे मला, भेटून गेला. दोन ठेवले, राखणीला. दोघांचे ६४ दिवसांचे २५६. उरले ६४. जहाजावरच्या माणसांचा एक गुणांक असतो, उणे दहा ते अधिक दहा. आमचा चारवरून एकवर आलाय. माणसं दगावली आणि उपचार करायला कुणी नव्हतं, म्हणून.

पुढचं सत्र ७ जानेवारीला, सकाळी दहाला, कोथरूडमध्ये. वैद्याची खुर्ची अजून रिकामी आहे. एक रविवार आड वेळ असेल आणि पगाराची घाई नसेल तर कळवा. अर्ज मात्र तीन प्रतींत लागेल.